गाळातले फोटो

माझा आवाज नागझिऱ्याच्या जंगलाच्या काठावरच्या चार गावांत माझ्याआधी पोचला होता, आणि तिथल्या लोकांना तो आवडत नव्हता.

हे मला कळलं तेव्हा मी त्यातल्याच एका गावात, बचत गटाच्या अध्यक्ष असलेल्या काकींच्या अंगणात बसले होते. ऊन चढत होतं, घसा कोरडा पडला होता. मी एवढंच म्हटलं, "काकी, थोडं पाणी देता का?" भिंतीशी बसून तांदूळ निवडणाऱ्या दोन बायकांचे हात थांबले. त्यांतली म्हातारी माझ्याकडे न बघता हळूच म्हणाली, "आज कोन्या बाजूनं हाये?" मला काही कळेना. काकींनी तिला समजावलं की ही फोनवाली बाई हाये खरी, पण आज नुसती भेटाले आली. म्हातारीला ते पटलं नाही. मी तिथे असेपर्यंत ती दाराच्या आतच उभी राहिली.

मी एका मोठ्या तंत्रज्ञान कंपनीच्या संशोधन विभागात काम करते. कंपनीचं नाव सांगत नाही, पण तिचं काही ना काही सगळ्यांच्या खिशात असतं. संशोधन विभाग म्हणजे कंपनीतला थोडा वेगळा, थोडा लाडावलेला भाग. आमच्या बंगळूरच्या इमारतीत आमचा मजला शांत असायचा. बाकीच्या मजल्यांवर लोक पुढच्या महिन्यात बाजारात काय जायचं याच्या घाईत असत. आम्ही पुढच्या पाच-सात वर्षांत काय करता येईल याचा विचार करायचा, प्रयोग करायचे, निबंध लिहायचे आणि परिषदांना जाऊन ते वाचायचे. मी अर्जुनी मोरगावची. आमच्या घराण्यानं पिढ्यानपिढ्या तलाव बांधले आणि त्यांच्या पाळी, म्हणजे बांध, राखल्या. माझ्या बाबांना माझी नोकरी कधी नीट समजली नाही. एकदा उन्हाळी धानाला पाणी सोडून आल्यावर ते ओसरीत बसले आणि त्यांनी विचारलं, तुमी नेमकं विकता तरी काय? आम्ही काही विकत नाही, असं मी सांगितलं. "मंग कंपनी तुमाले कायले ठेवते?"

आमचा प्रयोग असा होता. जंगलाच्या कडेनं, लोकांच्या जाण्यायेण्याच्या वाटांवर, झाडांना छोट्या पेट्या बांधायच्या. समोरून काही ऊबदार हललं की पेटी फोटो काढते. पेटीतला छोटा संगणक तो फोटो बघतो आणि हा वाघ असल्याची आपल्याला किती खात्री वाटते ते ठरवतो. खात्री एका ठरावीक रेघेच्या वर गेली, की आजूबाजूच्या गावांतले नोंदवलेले सगळे फोन एकदम वाजतात. फोन उचलला की आवाज येतो, "आज जंगलात जाऊ नोका. वाघ हाये."

तो आवाज माझा. आधी आम्ही एका व्यावसायिक निवेदिकेचा वापरला होता. तिचं मराठी इतकं शुद्ध होतं की गावातल्या लोकांना ते एखाद्या जाहिरातीसारखं वाटे आणि ते फोन ठेवून देत. मग आमच्या गटाच्या प्रमुख, ज्यांना आम्ही सगळे मॅडम म्हणायचो, त्यांनी विचारलं, तू त्याच जिल्ह्यातली ना? मी एका गादी लावलेल्या खोलीत बसून, आजीशी बोलताना बोलायचे तशी ती दोन वाक्यं बोलले. पहिल्या आठवड्यापासून लोक ऐकायला लागले.

पहिल्या उन्हाळ्यात पेट्या फार बडबडल्या. वाघ दिसला की फोन, पण चितळ उन्हाच्या कवडशात उभं राहिलं तरी फोन, कुणी पट्ट्यांची चादर पांघरून गेलं तरी फोन. मोहाच्या दिवसांत असं झालं की कामच बुडतं. मोहफुलं पहाटेपासून टपटपतात. लवकर पोचलं नाही तर ती गुरं, हरणं, अस्वलं खाऊन टाकतात. काकींनी मला स्पष्ट सांगितलं होतं, "तुहा फोन रोज बोंबलते. आता कोनी उचलूनच नाही राहिलं."

ही तक्रार आमच्या क्षेत्रात सगळ्यांना ठाऊक असते. खोट्या हाका वाढल्या की खऱ्या हाकेला कोणी ओ देत नाही. म्हणून आम्ही ती रेघ वर सरकवली. पेटीला जास्त खात्री असेल तरच फोन. हा निर्णय सगळ्यांचा होता, विचारपूर्वक घेतलेला, आणि त्याचा परिणामही चांगला दिसला. फोन कमी झाले. जे आले त्यांतले बहुतेक खरे निघाले. गावं खूश झाली, वनखात्याचे साहेब खूश झाले, मॅडमच्या वरचे लोक तर फारच खूश झाले. पाऊस गेला, हिवाळा गेला, चारही गावांत कोणावर हल्ला झाला नाही. गावात लोक म्हणायला लागले की वाघ आता आतल्या जंगलात सरकला.

दुसऱ्या मोहाच्या हंगामात मी घरूनच काम करत होते. बाबांची तब्येत बरी नव्हती आणि प्रयोगाची गावंही इथून जवळ, म्हणून मॅडमनी लगेच होकार दिला. वरच्या खोलीत, खिडकीतून तलाव दिसेल असं टेबल लावलं होतं. माझ्या कामांतलं एक काम म्हणजे रेघेच्या खाली राहिलेले, म्हणजे पेटीनं नाकारलेले फोटो अधूनमधून चाळून बघणं. ऑफिसात त्या ढिगाला आम्ही गाळ म्हणायचो. बहुतेक त्यात गवतच असे. गवत, ऊन, एखाद्या गाईचा कान, पुन्हा गवत.

त्या दिवशी सकाळी जेवणाआधी मी गाळ उघडला. मोहाच्या झाडांकडे जाणाऱ्या वाटेवरच्या पेटीचे आदल्या दिवसाचे फोटो होते. पहिल्यात पहाटेचा करडा उजेड आणि बायकांची रांग, डोक्यावर टोपल्या, पाठी पेटीकडे. सगळ्यात मागे काकींची धाकटी सून. तिचा हिरवा पदर मी ओळखला. पुढचा फोटो रिकामी वाट. त्याच्या पुढच्या फोटोत डाव्या कडेला, बांबूच्या बेटाखाली, काहीतरी होतं. मी तो मोठा केला. एक पुढचा पाय, अर्धा उचललेला, आणि खांद्याचा थोडा भाग. बाकी सगळं बांबूत.

दोन फोटोंच्या मधला वेळ बघितला आणि मी खुर्चीतून उठून उभी राहिले. माणूस जेवढ्या वेळात पायातला काटा काढेल, तेवढाच वेळ होता.

पेटीनं याला वाघ मानण्याइतकी खात्री दाखवली नव्हती. अगदी थोडक्यासाठी तो रेघेखाली राहिला होता. जुन्या रेघेला फोन वाजला असता.

मग मी मागचे दिवस उघडले. जेवायचं राहून गेलं. बाबांनी खालून दोनदा हाक मारली. त्याच्या आदल्या सकाळी बायकांच्या नंतर एका शेपटीचं टोक होतं. त्याच्या दोन दिवस आधी बांबूच्या फटीतून दिसणारी पाठ, जी कोणीही पाचोळा म्हणून सोडून दिली असती. त्याच्या आधी एक कान. प्रत्येक वेळी बायका आधी गेलेल्या, आणि प्रत्येक वेळी तो डाव्या बाजूनं, बांबूच्या आडून, अर्धामुर्धा. वाघ कुठेही सरकला नव्हता. गावाला जो आतल्या जंगलात गेला असं वाटत होतं, तो रोज सकाळी बायकांच्या मागून त्याच वाटेनं चालत होता.

मी मॅडमना फोन लावला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, फोटो मागवले, आणि खरं सांगायचं तर त्याही हादरल्या. पण रेघ लगेच खाली आणायला त्या तयार नव्हत्या. हंगामाच्या मध्ये बदल केला तर दोन वर्षांची तुलनाच बिघडेल, शिवाय पुन्हा खोट्या हाका सुरू होतील, आधी आढावा घेऊ, असं त्यांचं म्हणणं होतं. त्या कठोर नव्हत्या. चार दिवसांत बैठक लावते म्हणाल्या. मी खिडकीतून बघत होते. तलावाच्या पाळीवर कोणीतरी म्हैस धूत होतं. चार दिवस म्हणजे चार सकाळी.

मी लगेच काकींना फोन केला. त्यांनी उचलला. मी म्हटलं, "काकी, उद्या जंगलात जाऊ नोका. वाघ हाये." आणि फोन कट झाला.

पुन्हा लावला, तर लागला पण त्यांनी उचललाच नाही. मला समजायला थोडा वेळ लागला. माझा आवाज, जवळजवळ तेच शब्द. त्यांनी पेटीचा फोन समजून ऐकला, त्यांच्या दृष्टीनं निरोप मिळाला, आणि ठेवला. दुसऱ्या दिवशी गावातलं कोणी मोहाला गेलं नाही हे मला नंतर कळलं. पण त्याच्या पुढच्या सकाळी पेटीचा फोन आला नसता आणि त्या पुन्हा निघाल्या असत्या. मला जे सांगायचं होतं ते फोनवर सांगताच येणार नव्हतं.

मी दुसऱ्याच दिवशी सौंदडपर्यंत रेल्वेनं गेले, पुढे एसटीनं, आणि शेवटचा टप्पा एका दूधवाल्याच्या मोटारसायकलवर. गावात पोचले तेव्हा सगळ्या अंगणांत मोहफुलं वाळत घातलेली होती. त्यांचा तो गोड, थोडा आंबलेला वास नाकात भरला. मी काकींना सगळ्या बायकांना बोलवायला सांगितलं. ओसरीत सावलीला लॅपटॉप ठेवला आणि दोन्ही फोटो शेजारी शेजारी लावले.

आधी त्यांनी स्वतःला ओळखलं, हसल्या. कोणीतरी कोणाच्या चालण्याची नक्कल केली. मग मी दुसऱ्या फोटोवर बोट ठेवलं. हसणं एकदम नाही थांबलं. एकेक करून थांबलं, जिला जसं दिसत गेलं तसं.

काकींची धाकटी सून मागे उभी होती. मूल झोपवून आली होती. ती पुढे झाली, पडद्याजवळ वाकली आणि बराच वेळ बघत राहिली. तिनं विचारलं, हे कधीचं? परवाचं, मी म्हटलं.

"माह्या मागंच हाये ना हा," ती म्हणाली.

मी हो म्हटलं.

"मंग फोन काऊन नाही आला?"

मी त्यांना रेघेचं सांगितलं. जमेल तेवढ्या सोप्या शब्दांत, की पेटीला शंका आली होती पण खात्री नव्हती, आणि खात्री नसेल तेव्हा गप्प राहायला आम्हीच तिला शिकवलं आहे. फोन आला तर वाघ असतो, पण फोन नाही आला म्हणजे वाघ नाही असं समजू नका. काकी भिंतीला टेकून ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, "आमी तं नेमकं तेच समजून राहिलो, बाई." एका म्हातारीनं पटकन विचारलं की फोटो जोडून बनवता येतात म्हणतात, हा तसा तर नाही ना. मी नाही म्हटलं. तिनं विश्वास ठेवला की नाही ते कळलं नाही.

मोह सोडून देणं कोणालाच परवडणारं नव्हतं, आणि मी तसा सल्लाही दिला नाही. बायकांनी आपसांत ठरवलं की उजाडल्यावर निघायचं, सगळ्यांनी एका घोळक्यानं, डबे वाजवत. मी म्हटलं, मीही येते. काकींनी माझ्या बुटांकडे बघितलं.

सकाळी आम्ही निघालो तेव्हा सूर्य झाडांवर आला होता. आधी खूप बोलणं चाललं होतं. पेटीच्या झाडापाशी आलो तसं ते आपोआप कमी झालं. पेटी खोडाला बांधलेली, तिच्या पोटाशी हिरवा दिवा. मी तिच्या समोरून गेले आणि दिवा एकदा लुकलुकला, म्हणजे माझा फोटो निघाला. पुढे मोहाखाली सगळ्या पांगल्या, पण एकमेकींना दिसतील एवढ्याच. फुलं पडण्याचा टप् टप् आवाज चहूबाजूंनी येत होता. मी दोन ओंजळी वेचल्या. हात चिकट झाले.

माकड ओरडलं ते आम्ही आलो त्या बाजूनं. एकदा, मग पुन्हा, मग थांबेचना. काकी सरळ झाल्या. कोणी कोणाला काही सांगितलं नाही, तरी सगळ्या एका जागी आल्या, पाठीला पाठ लावून.

तो वाटेवर बसला होता. आम्ही ज्या वाटेनं आलो होतो त्याच वाटेवर, पेटीच्या थोडा अलीकडे, गाव आणि आमच्या मधोमध. मांजर दारात बसतं तसा, पुढचे पाय जुळवून. तो गुरगुरत नव्हता की पुढे येत नव्हता. आमच्याकडे बघत होता, आणि त्याच्या बघण्यात काही घाई नव्हती. काकींच्या सुनेनं माझा दंड धरला होता. तिची नखं लागत होती, पण मी हात हलवला नाही. एका बाईनं डबा वाजवायला सुरुवात केली. मग बाकीच्यांनीही वाजवले. त्यानं फक्त कान हलवले.

किती वेळ गेला ते सांगता येणार नाही. शेवटी तो उठला, आमच्याकडे पाठ केली, आणि सावकाश वाटेनंच चालायला लागला, पेटीच्या अगदी समोरून, आडवा, पूर्ण अंगानं, उजेडात. बांबूत शिरता शिरता तो एका कडेला थांबला.

आणि आमचे सगळे फोन वाजले.

कमरेला खोचलेल्या पिशव्यांमधून, पदरांच्या गाठींमधून, टोपल्यांतून, वेगवेगळ्या गाण्यांच्या रिंगा एकदम सुरू झाल्या. डब्यांना न जुमानणारा तो वाघ त्या आवाजानं वळला. पहिल्यांदाच त्याचं तोंड उघडलेलं दिसलं. काकींच्या शेजारच्या बाईनं घाबरून, बंद करायच्या नादात, फोन उचलला असावा, कारण त्या गोंधळात माझाच आवाज मोठ्यानं यायला लागला, आज जंगलात जाऊ नोका, वाघ हाये, आज जंगलात जाऊ नोका. शांत, समजूतदार आवाज. गादी लावलेल्या खोलीतला. मी तोंडावर हात ठेवला, जणू त्यानं तो थांबणार होता.

वाघ एक पाऊल आमच्याकडे आला. मग रिंगा एकेक करून बंद पडल्या, आणि तो बांबूत गेला.

आम्ही कशा परतलो, कोण पुढे कोण मागे, मला आठवत नाही. एवढंच आठवतं की सून मागे राहायला तयार नव्हती आणि दुसरी कोणीही तयार नव्हती, त्यामुळे आम्ही सगळ्या त्या अरुंद वाटेनं आडव्या चालत आलो, काट्यांतून, हात धरून.

मॅडमनी ते ऐकलं आणि बैठकीची वाट न पाहता रेघ खाली आणली. याचं श्रेय मी त्यांना देते. मग मात्र रोज सकाळी फोन यायला लागले, कधी खरे, कधी खोटे, आणि हंगाम संपेपर्यंत गावात ते कोणी उचलेनासं झालं. काकींच्या गटानं घोळक्यानं जायची रीत धरून ठेवली. बाकी तीन गावांतही मी जाऊन तेच दोन फोटो दाखवले. एका गावात सरपंचांनी मला विनंती केली की बायकांना पुन्हा असे फोटो दाखवू नका, त्या रात्री झोपत नाहीत.

पावसाळ्यानंतर आमच्या विभागाचा वार्षिक मेळावा झाला. परदेशातून मोठे साहेब आले होते. मॅडमनी आमच्या प्रयोगाचं सादरीकरण केलं, आणि शेवटच्या चित्रात तोच पहिला फोटो होता, पहाटेचा उजेड, टोपल्यांची रांग, शेवटी हिरवा पदर. फोटो सुंदर आहे, हे खोटं नाही. खाली लिहिलं होतं की पेट्या बसल्यापासून या गावांत एकही हल्ला नाही. तेही खोटं नव्हतं. टाळ्या वाजल्या.

प्रश्नोत्तरांत मी उठले आणि पुढचा फोटो दाखवायची परवानगी मागितली. मॅडमनी माझ्याकडे बघितलं आणि हो म्हणाल्या. मी तो दाखवला, दोन फोटोंमधला वेळ सांगितला. मला वाटलं, आता समजलं यांना. मग पहिला प्रश्न आला की कमी उजेडात वेगळा कॅमेरा वापरला तर खात्री किती वाढेल. दुसऱ्यानं विचारलं, असे गाळातले फोटो आणखी आहेत का, त्यांच्यावर एक स्वतंत्र निबंध होऊ शकेल. माणसं हुशार होती, आणि मनापासून विचारत होती. मी उत्तरं दिली. जेवणाच्या वेळी मोठे साहेब येऊन माझ्याशी हात मिळवून गेले, म्हणाले, असा प्रामाणिकपणा हवा.

दोन महिन्यांनी प्रयोग आणखी तीन जिल्ह्यांच्या जंगलांत न्यायचं ठरलं. रेघ कुठे ठेवायची ते त्या त्या ठिकाणचे लोक ठरवतील, असं कागदावर आलं. मी मॅडमना विचारलं, म्हणजे कोण? त्यांनी खिडकीकडे बघितलं. मी म्हटलं, मग माझा आवाज नको, मी पुन्हा ती वाक्यं बोलणार नाही. त्या थोड्या अवघडल्या. म्हणाल्या, तुला बोलावं लागणारच नाही. तेवढ्या आवाजावरून यंत्र आता हवं ते वाक्य तयार करतं, गोंडीत, छत्तीसगढीतसुद्धा. त्यांनी एक वाजवून दाखवलं. मला न येणाऱ्या भाषेत मी कोणाला तरी काहीतरी बजावत होते.

मी नोकरी सोडली नाही. विभाग बदलून घ्यायचा विचार केला, तोही नाही केला. मी त्यांच्याकडून एवढंच लिहून घेतलं की सगळ्या जंगलांतला गाळ रोज माणसाच्या डोळ्यांखालून जाईल. सध्या ते डोळे माझे आहेत.

मागच्या हिवाळ्यात तिरोड्याला एका लग्नाला गेले होते. परतताना बसस्टँडवर काकींची सून भेटली. तिचा नवरा तिथल्या वीज केंद्रात कंत्राटी कामावर आहे, आणि ती गाव सोडून त्याच्याकडे राहायला आली होती. काकी नाराज होत्या, पण तिनं ऐकलं नाही. मोहाला आता ती जात नाही. एका खोलीत राहते, शिवणकाम करते. तिनं मला चहा पाजला. आम्ही टपरीच्या बाकड्यावर बसलो. ती भिंतीला पाठ लावून बसली होती, मी रस्त्याकडे पाठ करून. वीज केंद्राच्या चिमण्यांचा धूर संध्याकाळच्या उजेडात सरळ वर जात होता.

मी तिला विचारलं, इथे बरं आहे ना? ती बरं आहे म्हणाली. मग कप खाली ठेवून तिनं सांगितलं की इथे तर जंगल नाही, तरी रस्त्यानं चालताना तिला मागे बघावं लागतं. पोराला पुढे घालून चालते. नवरा चिडतो.

"तू ते फोटू दाखवले नसते तं मी मेली असती, हे माले समजते," ती म्हणाली. "पन दाखवले नसते तं बरं झालं असतं, असंबी वाटते."

मी तिचा हात धरला. तिनं तो काढून घेतला नाही, पण दाबलाही नाही. मग तिनं विचारलं, "अशा दुसऱ्या बाया हायेत का, ज्यांच्या मागचे फोटो तुह्यापाशी हायेत आनि त्यायले माहीत नाही?"

मी हो म्हटलं. त्या सकाळीच एक बघितला होता, दूरच्या जिल्ह्यातला. कळवलं होतं, उत्तर अजून आलं नव्हतं.

तिनं मान हलवली. गोंदियाची बस लागली होती आणि कंडक्टर हाका मारत होता. मी उठले. ती बसूनच राहिली, माझ्या खांद्यावरून पलीकडे कुठेतरी बघत, आणि मीही वळून तिकडे बघितलं. रस्त्यावर सायकलींवरून घरी चाललेली माणसं होती, बाकी काही नव्हतं.